हेरिटेज वॉक आधी रहिवाशांचा

लंडनमध्ये ब्रिक लेन नावाचा रस्ता आहे. तिथे फोर्निए स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची एक भक्कम, फारसा डामडौल नसलेली इमारत उभी आहे. मान वर करून पाहिलं तर भिंतीवर सूर्यघड्याळ दिसतं. त्यावर १७४३ हे साल आणि 'उम्ब्रा सुमुस' हे दोन लॅटिन शब्द. अर्थ असा, की आम्ही सावली आहोत. फ्रान्समध्ये धर्मापायी छळ झाला म्हणून देश सोडून आलेल्या ह्युगनो प्रोटेस्टंटांनी हे प्रार्थनाघर बांधलं. पुढे ते मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, पूर्व युरोपातून जीव मुठीत धरून आलेल्या ज्यूंनी तिथे सिनेगॉग केलं. आणि १९७६ पासून तिथे मशीद आहे. बांगलादेशातून, त्यातही मुख्यतः सिल्हेटकडून आलेल्या लोकांची. विटा त्याच. घड्याळही तेच.

हेरिटेज वॉकला, म्हणजे शहराचा वारसा पायी फिरवून दाखवणाऱ्या फेरीला, आलेली वीस माणसं या भिंतीसमोर उभी करून त्यांना काय सांगायचं, हा माझ्या मते सार्वजनिक प्रश्न आहे.

एक गाइड सांगेल की ही जॉर्जियन काळातली इमारत, वीटकाम असं, कमानी अशा, चला पुढे. दोन मिनिटांत काम संपलं. दुसरा गाइड विचारेल की परागंदा झालेली माणसं पिढ्यान् पिढ्या याच वस्तीत येऊन का टेकली? मग त्याला सांगावं लागेल की हा भाग जुन्या लंडनच्या वेशीबाहेरचा. वेशीच्या आत कारागिरांच्या संघांचा जो वचक होता, तो इथे तितका नव्हता. गोदी जवळ होती, भाडं परवडत होतं. ह्युगनो इथे रेशीम विणत. ज्यू कपडे शिवत. बंगाली माणसंही आली ती कपड्याच्याच कारखान्यांत राबली. भिंत तीच राहते, पण ऐकणाऱ्याला आता कळतं की ही इमारत एवढी वर्षं टिकली ती दर वेळी नव्याने आलेल्या कुणाला तरी तिची गरज पडली म्हणून.

मला हा दुसरा गाइड हवा आहे, आणि तो आधी त्या शहरात राहणाऱ्यांसाठी हवा आहे. बहुतेक मोठ्या शहरांमध्ये हेरिटेज वॉक ही गोष्ट पर्यटन खात्याच्या पदरात टाकलेली असते. पाहुणा येईल, पैसे देईल, फोटो काढेल, जाईल. या हिशेबात तिथला रहिवासी कुठेच बसत नाही. वॉकची जागा पर्यटनाच्या जाहिरातींमध्ये नाही, सार्वजनिक वाचनालयाच्या शेजारी आहे, असं मी मानतो. आपण कुठे राहतो, ती जागा अशी का झाली आणि उद्या ती कशी व्हावी, हे नागरिकाला समजण्याची ती एक रीत आहे. त्यासाठी नगरपालिकेने पैसा, माणूस आणि कागदपत्रं द्यायला हवीत.

ही रीत जन्माला आली तीच मुळी पाहुण्यांसाठी नव्हे. शिकागोचं उदाहरण घ्या. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाने आखलेलं ग्लेसनर हाउस हे १८८७ मध्ये पुरं झालेलं दगडी घर १९६० च्या दशकात पाडलं जाणार अशी वेळ आली. काही वास्तुविशारद आणि शहरप्रेमी एकत्र आले, १९६६ मध्ये त्यांनी संस्था काढून ते घर विकत घेतलं. आजचं शिकागो आर्किटेक्चर सेंटर म्हणजे हीच संस्था. पुढे या संस्थेने साध्या नागरिकांना शिकवून स्वयंसेवक गाइड तयार केले आणि त्यांनी लोकांना आपलं शहर दाखवायला सुरुवात केली. शिकागोला हे शहाणपण सुचलं ते ठेच लागल्यावर. ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारद जोडीचं गॅरिक थिएटर लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला तरी १९६१ मध्ये पाडलं गेलं. संस्था निघाल्यावरही त्याच जोडीची स्टॉक एक्स्चेंजची इमारत १९७२ मध्ये गेलीच. ती पाडली जात असताना तिचं नक्षीकाम वाचवायला आत शिरलेला छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली सापडून मेला. इमारतीवर जीव टाकणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. त्या माणसाच्या बाबतीत तो शब्दशः खरा झाला.

न्यूयॉर्कमध्ये म्युनिसिपल आर्ट सोसायटी या नागरिकांच्या संस्थेचे पायी दौरे १९५६ मध्ये सुरू झाले. १९१० मध्ये बांधलेलं पेन्सिल्व्हेनिया स्टेशन १९६३ पासून पाडायला घेतलं, आणि १९६५ मध्ये शहराने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच कायद्याच्या आधाराने ग्रँड सेंट्रल स्टेशन वाचलं. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. वॉक झाले म्हणून कायदा झाला, असा सरळ धागा मी जोडत नाही. पण जी इमारत आपण कधी नीट पाहिलीच नाही, तिच्यासाठी रस्त्यावर कोण उतरणार? डोळा आधी तयार व्हावा लागतो, आणि तो घरी बसून होत नाही.

आता मोठ्या वास्तूंच्या पलीकडे जाऊ, कारण शहर म्हणजे काही नामवंतांनी आखलेल्या दहा-बारा इमारती नव्हेत. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ मध्ये बांधलेली भाडेकरूंची पाच मजली इमारत आहे. तिच्यात वाखाणण्याजोगं काही नाही. जिना अरुंद. एकेका बिऱ्हाडाला तीन खोल्या, मिळून सव्वातीनशे चौरस फूट. १९३५ मध्ये मालकाने नव्या नियमांप्रमाणे दुरुस्ती करण्याऐवजी भाडेकरू काढले आणि वरचे मजले बंद करून टाकले. खाली दुकानं चालत राहिली. तोपर्यंत सुमारे सात हजार माणसं त्या इमारतीत राहून गेली होती. १९८८ मध्ये तिथे संग्रहालयाचं काम सुरू झालं तेव्हा बंद खोल्या होत्या तशाच सापडल्या. भिंतींवर कागदाचे थरावर थर होते. नवं बिऱ्हाड आलं की जुन्यावर नवा कागद चिकटवलेला.

तिथली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी वस्तू म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतली खिडकी. बाहेर काही दिसत नाही अशी, घरातल्या घरात उघडणारी. आतली खोली एवढी अंधारी, की पुढच्या खोलीतला उजेड आणि हवा तिथपर्यंत पोचावी म्हणून भिंत फोडून ती बसवावी लागली. न्यूयॉर्कने १९०१ मध्ये भाड्याच्या इमारतींसाठी उजेड, हवा आणि संडास यांचे नियम करणारा कायदा केला. तो कायदा पुस्तकात वाचला तर कलमं दिसतात. त्या खिडकीसमोर उभं राहिलं तर क्षयाने खोकणारी माणसं दिसतात. घराला खिडकी असावी हेसुद्धा कुणाला तरी भांडून मिळवावं लागलं, हे ज्याला एकदा दिसलं, तो आपल्या शहरातल्या बांधकामाच्या नियमांकडे पूर्वीसारखा पाहणार नाही. एका वॉकने यापेक्षा जास्त काय करायचं?

आणि याच कामाची माती कशी होते तेही सांगायला हवं. पुन्हा लंडनच्या त्याच वस्तीत या, फक्त संध्याकाळी. व्हाइटचॅपलच्या गल्ल्यांमधून 'जॅक द रिपर'च्या वॉकचे घोळकेच्या घोळके फिरत असतात. १८८८ मध्ये तिथे पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही, म्हणून तो दंतकथा झाला. सव्वाशेहून अधिक वर्षं त्याचं नाव विकलं जातंय. बायकांची नावं किती जणांना ठाऊक असतात? मेरी ॲन निकल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. यातल्या पहिल्या दोघी त्या त्या रात्री बाहेर होत्या, कारण भाड्याच्या निवाऱ्यातल्या खाटेसाठी लागणारे चार पेन्स त्यांच्याकडे नव्हते. त्या वस्तीचा इतिहास सांगायचा तर त्या चार पेन्सांचा सांगा. रोजच्या खाटेवर चालणारे निवारे, कामाचा भरवसा नाही, बाईला तर नाहीच. ते सोडून अंधाऱ्या बोळात रक्ताची वर्णनं ऐकवायची, हे मला चीड आणणारं वाटतं. मेलेल्या बायकांनाही काही अब्रू असते.

असं का होतं याचं कारण बरंचसं पैशाच्या रचनेत आहे. आज जगभरच्या शहरांत 'फ्री वॉक' चालतात. तिकीट नाही, शेवटी गाइडच्या हातावर काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. गरिबालाही वॉकला जाता येतं, हा त्यातला चांगला भाग आणि तो मी कमी लेखत नाही. पण ज्याचं पोट शेवटच्या पाच मिनिटांवर आहे, तो लोकांना नको असलेली गोष्ट सांगेल कशाला? भूत चालतं, खून चालतो, राजाची भानगड चालते. भाडेकरूंचा संप, कामगारांचं बिऱ्हाड, रस्ता रुंद करताना उठवलेली वस्ती हे चालत नाही. गाइडला दोष देऊन उपयोग नाही. त्याचं मानधन आधी ठरलेलं असेल, तर तो खरं सांगायला मोकळा राहील. म्हणूनच मी नगरपालिकेच्या पैशाचा आग्रह धरतो.

गाइड खोटं बोलत असेल तर काय, हा पुढचा प्रश्न. इंग्लंडमध्ये विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की हमखास सांगतात, हा खिडकीपट्टीचा परिणाम. घराला जितक्या खिडक्या तितका कर, म्हणून लोकांनी खिडक्या बुजवल्या. कर खरा होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत. पण प्रत्येक बंद खिडकी त्याच्यामुळे नाही. पुष्कळ खिडक्या मुळातच आंधळ्या बांधल्या होत्या, दर्शनी भाग दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून. 'कदाचित करामुळे असेल, कदाचित शोभेसाठी, या घराचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही' असं म्हणणारा गाइड मला शंभर गोष्टी घडाघडा सांगणाऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो.

मग परीक्षा घ्या, परवाना द्या, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेत यावर खटले झाले. वॉशिंग्टन शहरात गाइडला शंभर प्रश्नांची परीक्षा द्यावी लागे, विनापरवाना पैसे घेऊन माहिती सांगितली तर तुरुंगवासापर्यंत शिक्षेची तरतूद होती. २०१४ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने तो नियम भाषणस्वातंत्र्याच्या विरोधी म्हणून रद्द केला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सचा परवाना मात्र कायम ठेवला. मला पहिला निकाल पटतो. शहराचा इतिहास कुणी सांगावा हे सरकार ठरवू लागलं, की सरकारला अडचणीचा असलेला इतिहास सगळ्यांत आधी गळतो. कुठली वस्ती कुणी पाडली, हे परवाना देणाऱ्या खात्यासमोर कोण बोलेल? लोकांना चांगला गाइड ओळखता यावा म्हणून खुशीचा अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र जरूर असावं, लंडनच्या 'ब्लू बॅज'सारखं. पण ज्याच्याकडे ते नाही त्याचं तोंड बांधू नये.

बंधन घालायचं ते जागेवर घाला. गर्दीने रहिवाशांचा जीव नकोसा होतो ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये वेश्यावस्तीत खिडक्यांत बसणाऱ्या बायकांसमोरून नेले जाणारे वॉक बंद केले आणि जुन्या शहरात घोळक्याला पंधरा जणांची मर्यादा घातली. व्हेनिसने २०२४ पासून पंचवीसपेक्षा मोठा गट नको आणि भोंगे नकोत असा नियम केला. हे नियम गाइडच्या तोंडात शब्द घालत नाहीत. ते एवढंच म्हणतात की हे कुणाचं तरी राहतं घर आहे. मला तर पंचवीसही जास्त वाटतात. बारा-पंधराच्या पुढे गेलं की गाइडला ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाही.

एका वॉकमधला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आम्ही पंचवीस-तीस जण एका जुन्या घरासमोर दाटीने उभे होतो. गाइड दाराच्या चौकटीवरच्या लाकडी वेलबुट्टीबद्दल बोलत होता. मागून एक म्हातारी बाई आली, दोन्ही हातांत पिशव्या. आम्ही तिचंच दार अडवलं होतं. तिने दोनदा वाट मागितली. तिसऱ्यांदा गाइडच्या लक्षात आलं. तो बाजूला झाला आणि बोलणं तोडलं नाही. बाईने पिशव्या पायरीवर ठेवल्या, किल्ली शोधली, आणि आत जाताना चौकटीच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, सवयीने तळहात टेकवला. तिथलं लाकूड गुळगुळीत झालेलं होतं, एका हातापुरतंच. वेलबुट्टीचं साल आम्हाला कळलं. तो तळहात किती वर्षांचा, हे तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही. तेव्हापासून मला वॉकमध्ये रहिवासी नसला की काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

रहिवासी सांगणारा झाला तर काय होतं, हे पाहायला टोरांटोकडे जावं लागेल. न्यूयॉर्कच्या जुन्या वस्त्या फोडून जाणारा महामार्ग अडवणाऱ्यांत पुढे असलेल्या जेन जेकब्स १९६८ मध्ये टोरांटोत राहायला गेल्या आणि २००६ मध्ये तिथेच वारल्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या मित्रमंडळींनी 'जेन्स वॉक' सुरू केला. दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला, त्यांच्या वाढदिवसाच्या सुमाराला, कुणीही आपल्या वस्तीतून लोकांना फिरवावं. पैसे नाहीत, पदवी लागत नाही. आता तो अनेक देशांतल्या शहरांत होतो. पोस्टमन, शाळकरी मुलगी, निवृत्त बसचालक, ज्याला आपल्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे तो बोलू शकतो. लंडनमध्ये २०१० पासून बेघर राहिलेली माणसं 'अनसीन टूर्स'मध्ये गाइड म्हणून काम करतात. गरिबीचा तमाशा करणाऱ्या सहलींवर आक्षेप घेणाऱ्यांशी मी सहमत आहे, पण फूटपाथवर झोपलेला माणूस जेव्हा स्वतः सांगतो की शहरातले बाक मधोमध दांडे घालून का बनवतात, तेव्हा ऐकणारा तमासगीर राहत नाही.

नगरपालिकेने स्वतः हात घातल्याचं चांगलं उदाहरण अहमदाबादचं. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी महानगरपालिकेनेच तिथला हेरिटेज वॉक सुरू केला. काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचं आणि पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीवस्त्यांमधून, वाट काढत जामा मशिदीपाशी पोचायचं. वाटेत पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे, कोरीव लाकडी घरं, एका पोळेतून दुसरीत निघणाऱ्या चोरवाटा. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला, भारतात पहिल्यांदाच. वीस वर्षं रोज सकाळी लोक त्या गल्ल्यांतून नेणं याचा त्यात किती वाटा हे मोजता येणार नाही, पण ज्या शहराला आपलाच वारसा रोज दाखवायची सवय आहे, त्याला तो जगासमोर मांडणं सोपं जातं एवढं नक्की.

एक आक्षेप मला खरोखर टोचतो. वॉकमुळे वस्ती 'फॅशनेबल' होते, मागोमाग गुंतवणूकदार येतात, भाडी चढतात, आणि ज्यांच्या गोष्टी सांगितल्या तेच बाहेर फेकले जातात. ब्रिक लेनच्या परिसरात, स्पिटलफील्ड्समध्ये, विणकरांची घरं आज कुणाला परवडतात ते पाहिलं की हा आक्षेप हवेतला नाही हे कळतं. वॉक बंद केल्याने भाडी उतरणार नाहीत, हे खरं. भाडेकरूंना संरक्षण कायद्यानेच द्यावं लागेल. पण वॉकनेही त्यावर गप्प बसू नये. कालची घरं दाखवताना त्याच घराचं आजचं भाडं सांगायची हिंमत हवी, आणि वॉकच्या उत्पन्नातला वाटा वस्तीत राहायला हवा.

सुरुवात शाळेपासून करावी, असं मला वाटतं. प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा शाळेच्या भोवतीचा अर्धा मैल चालवून आणा. नगरपालिकेच्या दप्तरातले जुने नकाशे आणि घरपट्टीच्या नोंदी त्यांच्या हातात द्या. आणि मग मुलांनाच गाइड करा. हे अशक्य नाही, जर्मनीत ते घडतंय. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९० च्या दशकात फूटपाथमध्ये पितळी माथ्याचे छोटे दगड बसवायला सुरुवात केली, दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद. नाझींनी ज्याला उचलून नेलं त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर एक दगड. त्यावर 'इथे राहत होता' किंवा 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल, आणि पुढे काय झालं ते. २०२३ पर्यंत युरोपभर एक लाखाच्या वर दगड बसले. त्यांतल्या कितीतरी दगडांमागची माहिती शाळेच्या वर्गांनी शोधून काढली आहे, जुन्या पत्त्यांच्या वह्या चाळून, कागदपत्रं उलगडून. पितळ काळं पडतं. म्हणून दर ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये ज्या रात्री सिनेगॉग जाळले गेले तिच्या आठवणीत, ठिकठिकाणी मुलं आणि शेजारी फडकी घेऊन रस्त्यावर येतात, गुडघे टेकतात आणि अक्षरं पुन्हा वाचता येईपर्यंत ते दगड घासत बसतात.